हिरवा दात

पिवळा रंग बंद झाल्याचं पत्रक आलं, तेव्हा डॉक्टरिणीने ते फारसं मनावर घेतलं नाही. कंपनीत रोज काही ना काही बंद होतच असे. आधी चहाच्या वेळी टेकायला होती ती बाकं गेली, मग खिडकीतली कुंडी गेली, मग पेशंटला निरोप देताना "परत या" म्हणायला मनाई झाली, कारण दवाखान्यात परत या म्हणणं बरं दिसत नाही असं वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं. त्यात एक रंग गेला तर काय बिघडलं, असं तिला वाटलं. बिघडतं ते अशाच ठिकाणी, पण ते तेव्हा कुणाला कळत नाही.

तिला घरात चिमी म्हणत आणि दवाखान्यात मॅडम. आपण डॉक्टरीण म्हणू. पूर्वी तिचा स्वतःचा दोन खोल्यांचा दवाखाना होता, एका शिंप्याच्या दुकानावर. तिथे ती दात पाहायची, पावत्या फाडायची, तुंबलेलं बेसिन मोकळं करायची आणि हवेचा पंप बंद पडला की मिस्त्रीच्या दारात जाऊन उभी राहायची. या सगळ्यात ती पार पिचून गेली होती. अशात कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त दात पाहा. बाकी सगळं आमच्यावर सोडा." या एका वाक्यावर ती भाळली. माणूस शब्दाचा पक्का निघाला, असंच म्हणायला हवं. बाकीचं सगळं त्यांनी खरोखरच घेतलं. त्या बाकीच्यात पेशंटही आला, हे तिला मागाहून कळलं.

तर रंगाचं प्रकरण असं होतं. प्रत्येक खुर्चीशेजारी एक पडदा असे, त्यावर पेशंटच्या सगळ्या दातांचं चित्र. डॉक्टरने तोंड तपासायचं आणि एकेका दाताला रंग द्यायचा. लाल म्हणजे दाताला काम आहे. हिरवा म्हणजे दात उत्तम. पिवळा म्हणजे आत्ता हात लावू नका, पण नजर ठेवा. आता ज्याने उभं आयुष्य लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवलंय त्याला विचारा. तो सांगेल की चाळिशी उलटलेल्या माणसाच्या तोंडात असे नजर ठेवायचेच दात जास्त. कुठे बारीक चीर, कुठे पुसट सावली, कुठे पोखरलंय की नुसता डाग आहे तेही धड सांगता येत नाही. निम्मी डॉक्टरकी म्हणजे थांबणं आणि पुन्हा बघणं. पण थांबण्याचं बिल करता येत नाही.

रंग देऊन झाले की पेशंट उठून काचेच्या खोलीत जाई. तिथे सल्लागार बाई बसलेली असे. मागे सगळे तिला साखरबाई म्हणत. दातांच्या दवाखान्यात साखर बसवलीय म्हटल्यावर धंद्याला काय तोटा, असं डॉक्टरिणीची मदतनीस म्हणायची. साखरबाईने दातांचं शिक्षण घेतलं नव्हतं, माणसांचं घेतलं होतं. लाल दात दिसला की ती इतक्या मायेने बोले की पेशंट घरी जायच्या आत दात कोरायची नाहीतर काढायची वेळ ठरवूनच जाई. तिची पंचाईत व्हायची ती पिवळ्या दातांनी. "डॉक्टरच थांबा म्हणतात, मग मी काय बोलू?" अशी तिने वर तक्रार केली, आणि पिवळा गेला.

पहिले काही आठवडे डॉक्टरिणीने शंकेचे दात लाल केले. प्रामाणिक माणसाला वाटतं की शंका असेल तर सांगावं. मग एक दिवस एक निवृत्त पोस्टमन तिचे आभार मानायला आला. त्याच्या दाढेला केसाएवढी चीर होती. ती चीर त्याच्याबरोबर सुखाने म्हातारी झाली असती. पण दाढ लाल होती, आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या डॉक्टरने ती चारी बाजूंनी घासून, आतली नस काढून तिच्यावर कॅप बसवली होती. "तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून वाचलो," पोस्टमन म्हणाला आणि कॅप दाखवायला तोंड उघडून उभा राहिला. छान आहे, असं डॉक्टरीण म्हणाली. त्या दिवशी तिच्याने डबा उघडवला नाही.

त्यानंतर तिने आपली युक्ती काढली. शंकेचा दात असला की ती त्याला हिरवा रंग देई आणि पेशंटच्या कानाशी वाकून सांगे, "सहा महिन्यांनी या. माझ्याकडेच या. हा दात मला पुन्हा बघायचाय." टिपणासाठी पडद्यावर एक रकाना होता, पण त्यात काही लिहिलं की साखरबाईचा पेशंटला फोन जाई. म्हणून लिहायचं काही नाही, सगळं डोक्यात ठेवायचं. कुणाच्या कुठल्या दातात काय आहे हे तिला तोंड उघडताक्षणी आठवे. माणसांचे चेहरे ती विसरायची, दाढा नाही. तिच्या हाताखाली नवीनच लागलेला एक डॉक्टर होता, हुशार आणि कनवाळू. त्याला सगळे धाकटा डॉक्टर म्हणत. त्याला एकदा अशाच शंकेच्या दाताशी घुटमळताना पाहून तिने हळूच सांगितलं, "हिरवा दे आणि लक्षात ठेव." तो शहाणा होता, एका वाक्यात समजला. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात तसं, कंपनीच्या हातून जेवढे दात वाचतील तेवढे वाचवायचे, असं त्या दोघांचं न बोलता ठरलं.

हे सगळं पुण्याचं काम आहे असं तिला वाटत होतं, आणि पुष्कळ दिवस ते होतंही. मग तिच्या दादाचा दात आला.

दादा तिच्याहून बराच मोठा. ट्रम्पेट वाजवायचा. लग्नं, मिरवणुका, हॉटेलातले नाच, दुकानांची उद्घाटनं, जिथे बँड लागेल तिथे त्याचा बँड आणि बँडच्या पुढे तो. बँडवाले त्याला मास्तर म्हणत. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं आपल्याला वाटतं, पण ओठांच्या मागे दात असतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. त्यातही वरचे समोरचे दोन. फुंकायच्या तोंडीचं कडं रोज त्यांच्यावर दाबलं जातं. दादा म्हणायचा, "लोकांचे दात खायला आणि दाखवायला. माझे कमवायला."

तिच्या खुर्चीत बसला की तो डोळे मिटून घेई. बाकीचे पेशंट छताकडे टक लावून, खुर्चीचे हात घट्ट धरून असतात. हा पाच मिनिटांत घोरायला लागेल की काय अशी भीती वाटायची. "तुझ्या खुर्चीत मला झोप लागते, चिमे," तो म्हणायचा. "घरी तुझी वहिनी झोपू देत नाही आणि बँडवर लोक नाचायचे थांबत नाहीत."

त्या खेपेला एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा वरच्या समोरच्या दाताच्या मुळाशी तिला एक पुसट सावली दिसली. कधी कधी मूळ आतल्या आत विरघळायला लागतं. कधी ती नुसती फोटोच्या कोनाची करामत असते. एका फोटोवरून सांगता येत नाही, काही महिन्यांनी दुसरा काढून दोन्ही शेजारी ठेवावे लागतात. सावली वाढलेली असेल तर नस काढून औषध भरायचं. वेळीच केलं तर दात राहतो. लाल रंग दिला असता तर पडद्यावर आपोआप आलं असतं, दात काढा आणि स्क्रूचा दात बसवा. समोर साखरबाई, तिच्या हातात दादाचा हात, आणि दादा तर भोळा सांब.

तिने हिरवा दिला. दादाला सांगितलं, "सहा महिन्यांनी ये. विसरू नकोस. हा दात मला पुन्हा बघायचाय."

"तू आहेस ना," दादा म्हणाला. "मग मी कशाला लक्षात ठेवू?"

ते सहा महिने पुरे व्हायच्या आतच तिची बदली झाली. कंपनीचा नियमच होता की डॉक्टर एका जागी फार मुरू द्यायचा नाही. मुरला की पेशंट त्याचा होतो, आणि मग तो उठून गेला तर पेशंटही उठून जातात. पेशंट शाखेचा, डॉक्टर कंपनीचा. तिने मॅनेजरपुढे दातांच्या कण्या केल्या. माझ्याकडे बघून येणारी माणसं आहेत, त्यांची कामं अर्धवट आहेत, निदान थोडे महिने थांबा. मॅनेजर वयाने तिच्या भाच्याएवढा, पण वागायला फार गोड. "मॅडम, सगळं पडद्यावर आहे ना," तो म्हणाला. "कोणीही बघेल." सगळं पडद्यावर नव्हतं, पण ते त्याला सांगायची सोय नव्हती.

नवी शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या दुकानाच्या तळघरात होती. खिडकी नव्हती. पावसाळा आहे की ऊन हे पेशंटच्या बुटांवरून ओळखायचं. तिथे तिला कुणाचीच दाढ ओळखीची नव्हती, आणि ज्यांच्या ओळखीच्या होत्या ती माणसं तिकडे राहिली होती. पहिले काही दिवस ती एकेकाची आठवण काढी. ती चष्मेवाली बाई, खालची उजवी दाढ. तो रिक्षावाला, सुळ्याच्या मागचा. नंतर नवीन तोंडं आली आणि जुनी पुसट होत गेली. शेवटी डोकंच ते, त्यात किती मावणार.

दादाचा मात्र तिला विसर पडला नाही. त्याचं कार्ड जुन्या शाखेचं, इथे ते तातडीच्या कामापुरतंच चालत होतं. ती म्हणाली, "जुन्या जागीच जा. धाकटा डॉक्टर माझाच चेला आहे, तो नीट बघेल. समोरचा दात बघायला सांग." धाकट्याला आपणही फोन करावा असं तिच्या मनात होतं. पण दिवसभर खुर्ची रिकामी होत नसे, आणि संध्याकाळी तिला कुठल्याच दाताचं नाव घ्यायला नको वाटे. आज करू, उद्या करू यात ते राहिलं. आणि तसंही, धाकट्याला काय सांगायचं? हिरव्यामागे काय काय असतं हे तिनेच तर त्याला शिकवलं होतं. शिवाय भाऊ तिचा, म्हणजे तो दोनदा बघेल.

दादाचा फोन आला. "जाऊन आलो. एकदम उत्तम आहे म्हणाला. हिरवा आहे."

आणि इथे ती चुकली. अशी चूक बाहेरचा माणूस करूच शकणार नाही, त्यासाठी त्याच कारखान्यात पिळून निघावं लागतं. हिरवा हा शब्द ऐकला आणि तिला हायसं वाटलं. खरोखरच खांद्यावरचं ओझं उतरलं. सावली नव्हतीच तर, फोटोचाच दोष होता, असं ती मनाशी म्हणाली. तो हिरवा आपणच दिलेला आहे आणि फिरून आपल्याच कानावर आलाय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दिवसभर रंग वाचून वाचून तिलाही आता रंगच खरा वाटायला लागला होता.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. दादा गेला, हिरवा आहे म्हणाले, दादा परत आला. कंपनीकडून त्याला निरोप आला की आमच्या सेवेला किती चांदण्या द्याल. त्याने पाच दिल्या. "तुझ्या नोकरीला उपयोग होईल म्हणून दिल्या," तो म्हणाला. "नाहीतर मी बायकोच्या स्वयंपाकालासुद्धा चारच्या वर देत नाही."

मग एक दिवस दुपारी, आत पेशंट असताना, बाहेर दादा येऊन बसल्याचं मदतनिसाने सांगितलं. तो न कळवता कधी येत नसे. तिने हातातलं काम उरकलं आणि त्याला आत घेतलं. त्याने ओठांवर रुमाल धरला होता.

"सराव करत होतो," तो म्हणाला. "वरची पट्टी घेतली आणि काहीतरी कुरकुरलं. आता हलतोय बघ. काही नसेल म्हणा. आता परवाच तर हिरवा होता."

तिने बोट लावलं. दात दारासारखा पुढेमागे झाला. तिने दात लाल करून फोटो काढला. पडद्यावर दात दिसला, आणि जिथे मूळ असायला हवं तिथे कुरतडल्यासारखा एक आखूड खुंट राहिला होता. आता त्यात औषध भरायलासुद्धा जागा नव्हती. जुना फोटो शेजारी ठेवायची गरज नव्हती, पण तिने ठेवला. तीच सावली, तीच जागा. दीड वर्ष ती शांतपणे आपलं काम करत होती आणि तिच्यावर हिरवं पांघरूण होतं. तिनेच घातलेलं.

"काढावा लागेल, दादा," ती म्हणाली.

दादाने रुमालाची घडी केली. मग म्हणाला, "तू काढणार ना?"

"हो."

"मग काढ." त्याने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

तिने भूल दिली. खरं तर ओढावंही लागलं नाही, पिकलेल्या फळासारखा तो हातात आला. दादाचे डोळे शेवटपर्यंत मिटलेलेच होते, चेहरा अगदी निवांत. तिला त्या निवांतपणाचा राग आला, इतका की क्षणभर तिने मान फिरवली. माणसाने इतका विश्वास ठेवू नये, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिने कापूस ठेवला आणि दाबून धर म्हणाली.

तो गेल्यावर ती मागच्या जिन्यात गेली, जिथे रिकामी खोकी ठेवत, आणि तिने धाकट्याला फोन लावला. आता लावला.

"बोला मॅडम," तो आनंदाने म्हणाला.

"माझा दादा तुझ्याकडे यायचा."

"हो, दोनदा आले. फार मजेशीर आहेत. का, काय झालं?"

"समोरचा दात. तू फोटो काढला होतास?"

"नाही. हिरवा होता ना. हिरव्याचा फोटो काढायचा तर मशीन मॅनेजरची परवानगी मागतं आता. नुसता आरसा घालून बघितला. वरून छान होता." मग त्याचा आवाज बदलला. "मॅडम, काय झालंय?"

"मूळ विरघळलं. आत्ता काढला मी. तुला ठाऊक होतं ना, आपण हिरवा कशाकशाला देतो ते?"

पलीकडे कुठेतरी पाण्याची चूळ भरल्याचा आवाज येत होता.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमच्या बाकीच्या हिरव्यांवर मी कधी विसंबलो नाही मॅडम, शपथेवर सांगतो. काहीतरी कारण काढून फोटो काढायचो. त्यावरून बोलणी खाल्लीत. पण हे तुमचे दादा. मला वाटलं, निदान सख्ख्या भावाचा तरी तुम्ही खरा दिला असेल."

तिने फोन ठेवला. भाऊ आपला आहे म्हणून हा दोनदा बघेल असं तिला वाटलं होतं, आणि भाऊ तिचा आहे म्हणून त्याला एकदाही बघावंसं वाटलं नाही. दोघांनीही माणुसकीच धरली होती. कुणावर चिडायचं?

दुसऱ्या दिवशी ती जुन्या शाखेत मॅनेजरकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. युक्ती, कानात सांगणं, सगळं. धाकट्याचं नाव तेवढं घेतलं नाही. आपल्याला काढून टाकतील असं तिला वाटत होतं, आणि काढावं असंही वाटत होतं. मॅनेजरने पडदा उघडला, नोंद पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला.

"मॅडम, तुम्ही उगाच त्रास करून घेताय," तो म्हणाला. "तीन तपासण्या, तिन्ही वेळा दात उत्तम. यात कुणाची चूक दिसतच नाही. उलट तुम्ही तेव्हा लाल दिला असता आणि पेशंटने काम केलं नसतं, तर आज आपल्याला उत्तर द्यावं लागलं असतं."

"मी खोटं लिहिलं होतं."

"तसं पडद्यावर कुठे आहे?" त्याने अगदी समजुतीने विचारलं. मग तो उठला, तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि म्हणाला, "दादांना स्क्रूचा दात आपल्याकडेच बसवू. साखर... म्हणजे, सल्लागार मॅडम बोलतील त्यांच्याशी."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ते माहीत होतं. पण इथे आंधळ्याने मुद्दाम सांडलं तरी पीठ पुन्हा कुत्र्याच्याच तोंडात गेलं. तिने इतकी वर्षं ज्यांच्यापासून लपवलं, त्यांच्याच कामी तिची लपवाछपवी आली होती.

सुटीच्या दिवशी सकाळी ती दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं, या म्हणाली, पण हसली नाही. दादा पलंगावर बसला होता. समोर ट्रम्पेटची पेटी उघडी, आत लाल मखमल, आणि ट्रम्पेट त्याच्या मांडीवर. तिने तात्पुरता करून दिलेला काढता-घालता दात त्याने लावला होता.

"ऐक," तो म्हणाला. त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं. एक सूर निघाला, बरा होता. मग तो वर चढायला गेला आणि दात मागे सरकला, आणि सुराच्या जागी नुसती हवा आली, सायकलच्या चाकातून सुटते तशी. त्याने पुन्हा केलं. पुन्हा हवाच. त्याने ट्रम्पेट खाली ठेवलं आणि रुमालाने तोंडी पुसत बसला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"स्क्रूचा बसेल," तो म्हणाला. "हाड भरायला वर्ष जाईल म्हणाले. मग ओठांना नव्याने शिकवायचं. या वयात ओठ शिकतात होय? बँडवाले भले आहेत. मोठा ढोल घे म्हणतात या हंगामात. ढोलाला दात लागत नाहीत."

तो हसला. ती हसली नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. पिवळ्या रंगापासून सुरुवात केली. सावली दिसली होती, म्हणाली. त्या पहिल्याच दिवशी दिसली होती. तुला त्यांच्या हाती देऊ नये म्हणून मी हिरवा दिला. आणि मग हिरवा आहे असं तू म्हणालास तेव्हा मीच विसरले, दादा. धाकट्याला फोनसुद्धा केला नाही.

वहिनी दारात उभी होती. तीच आधी बोलली.

"आम्ही दुसरीकडे गेलो असतो," ती म्हणाली. "कोपऱ्यावर त्या म्हातारेबुवांचा दवाखाना आहे. हे म्हणायचे, घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला."

"असू दे," दादा तिला म्हणाला. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?"

डॉक्टरिणीला वाटलं त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने तसं म्हटलंही. दादाने मान हलवली. मला ट्रम्पेट येतं, शिव्या येत नाहीत, असं तो एरवी म्हणाला असता. या वेळी तो बोटांनी ट्रम्पेटच्या कळा दाबत बसला. एक, दुसरी, तिसरी. आवाज नाही, नुसती टकटक.

"चिमे," तो शेवटी म्हणाला, "बाकीचे?"

"बाकीचे काय?"

"बाकीचे दात. तू एकदा पडद्यावर दाखवले होतेस. सगळे हिरवे होते. मला केवढं कौतुक वाटलं होतं, या वयात सगळे हिरवे. त्यातले खरे कुठले?"

ती आठवायला लागली. खालच्या दाढेला काहीतरी होतं. की ते त्या चष्मेवाल्या बाईचं? डाव्या सुळ्याची हिरडी थोडी सरकली होती, ती दादाची की पोस्टमनची? दोन वर्षांपूर्वी तिला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आता सगळी तोंडं एकात एक मिसळली होती, आणि कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

"माहीत नाही, दादा," ती म्हणाली.

दादा उठला. त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून खिडकीपाशी, उजेडात नेली आणि तो तिच्यावर बसला. खोटा दात काढून त्याने रुमालात गुंडाळला. मग डोकं मागे टेकलं आणि तोंड उघडलं.

तिने हात धुतले. वहिनीने न बोलता एक चमचा आणि बॅटरी आणून तिच्या हातात दिली. चमच्याच्या पाठीने तिने गाल बाजूला केला आणि उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या दाढेपासून बघायला सुरुवात केली, एकेक, हळूहळू, पूर्वी शिंप्याच्या दुकानावर बघायची तशी. बराच वेळ झाल्यावर तिचं लक्ष वर गेलं. दादाने डोळे मिटले नव्हते. ते सताड उघडे होते आणि तिच्या हाताकडे पाहत होते.